दारातील सावली : तापत्या अंगणासाठी झाडांची निवड

नागपूरच्या उन्हाळ्याची ओळख नागपूरकरांना करून द्यावी लागत नाही. २३ मे २०१३ रोजी आपल्या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्या दिवशी जे घरात होते त्यांना घर आठवते आणि जे रस्त्यावर होते त्यांना रस्ता आठवतो. असा उन्हाळा दरवर्षी दाराशी येणार हे ठाऊक असूनही आपण घर बांधताना फाटकाचा, फरशीचा, कुलरच्या खिडकीचा विचार करतो, झाडाचा करीत नाही. मी बँकेत लिपिक आहे. गृहकर्जाची अनेक अंदाजपत्रके माझ्या टेबलावरून गेली आहेत. त्यांत लोखंडी फाटक असते, आवारभिंत असते, जमिनीतील टाकी असते. परंतु 'दारात एक झाड' अशी बाब मी आजवर वाचलेली नाही. त्याला फारसा खर्च लागत नाही, म्हणूनच कदाचित त्याचा विचारही होत नाही.

प्रस्तुत लेखाचा उद्देश मर्यादित आहे. ज्या अंगणात सकाळी अकरापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन असते, अशा अंगणात कोणती झाडे आणि कोणती झुडपे लावावीत, कोणती लावू नयेत आणि का, एवढेच येथे सांगावयाचे आहे. मी कृषिशास्त्राचा पदवीधर नाही, कला शाखेचा आहे. परंतु चुकीचे झाड लावण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. ती चूक आपल्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी पुन्हा करू नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

सावलीचा जुना धडा

झाड लावणे हे आपल्याकडे केवळ हौसेचे काम मानलेले नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व पशूंसाठी अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था, औषधी वनस्पती जेथे नसतील तेथे आणवून लावणे आणि मार्गावर विहिरी खोदून झाडे लावणे यांचा उल्लेख आहे. सातव्या स्तंभलेखात रस्त्याच्या कडेने वड लावल्याचे आणि आमराया उभारल्याचे सांगितले आहे. हा लेख ज्या स्तंभावर आहे तो मूळचा तोपरा येथील असून पुढे फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीस नेला. विद्यार्थी मित्रांनी या लेखातील एक गोष्ट लक्षात घ्यावी. वड लावण्याचे कारण त्यात स्पष्ट दिले आहे, ते म्हणजे पशूंना व माणसांना सावली मिळावी. म्हणजे आधी गरज ठरली आणि मग त्या गरजेसाठी झाड ठरले. आपण नेमके उलटे करतो. रोपवाटिकेत जाऊन फूल आवडेल ते रोप उचलतो आणि घरी आल्यावर त्याला जागा शोधतो.

माझी चूक

२००८ साली आम्ही शहराच्या बाहेरच्या भागात एका लेआउटमध्ये चाळीस बाय साठ फुटांच्या प्लॉटवर घर बांधले. घराचे तोंड पश्चिमेस आणि समोर वीस फुटांचे अंगण. त्याच पावसाळ्यात मी वऱ्हांड्यापासून सहा फुटांवर गुलमोहर लावला आणि आवारभिंतीला लागून उंच सरळ वाढणाऱ्या अशोकाची रांग लावली. गुलमोहर लवकर वाढतो, लाल फुलांनी घर शोभते, एवढाच विचार मी केला होता. चार-पाच वर्षांत घर शोभलेही. येणारे-जाणारे कौतुक करीत.

परंतु दोन गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. वऱ्हांड्याची पायरी हळूहळू उचलली गेली आणि जमिनीतील टाकीला तडा गेला. २०१६ च्या जूनमध्ये पावसाआधीच्या वादळात एक मोठी फांदी मोडून वऱ्हांड्याच्या टिनांवर पडली. सुदैवाने त्या वेळी खाली कोणी नव्हते. महानगरपालिकेची परवानगी घेऊन ते झाड काढावे लागले. आपल्या राज्यात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे आणि स्वतःच्या प्लॉटमधील झाड तोडण्यासही परवानगी लागते, हे अनेकांना तोडताना कळते. मलाही तेव्हाच कळले.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे २०१७ साली, आमच्या अंगणात अशोकाची रांग होती, पण बसण्यापुरती सावली नव्हती. अशोकाची सावली खांबाच्या सावलीसारखी अरुंद पट्टी असते. आमचे बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. आयुष्यभर त्यांना संध्याकाळी अंगणात बाज टाकून बसण्याची सवय. त्या मे महिन्यात ते रोज चार वाजता काठी घेऊन रस्ता ओलांडत आणि समोरच्या रांगेतील काकांच्या दारातील कडुनिंबाखाली जाऊन बसत. एके दिवशी मी त्यांना आणायला गेलो, तेव्हा ते सहज म्हणाले, "घर तर बांधलं रे, पण सावली लोकाची."

ते रागाने बोलले नव्हते, तरी ते शब्द माझ्या मनातून गेले नाहीत. त्या जूनमध्ये मी ऊन मोजायला बसलो. त्यातून जे शिकलो ते पुढे क्रमाने देत आहे.

पहिला धडा : ऊन कोठून येते ते पाहा

सूर्य पूर्वेस उगवतो व पश्चिमेस मावळतो, हे शाळेतील वाक्य अंगणासाठी अपुरे आहे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास सूर्य दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो माध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. उन्हाळ्यात सूर्य मावळतो तोही ठीक पश्चिमेस नव्हे, तर वायव्येकडे सरकून. याउलट डिसेंबरात तो दक्षिणेकडे कललेला असतो आणि भर दुपारीही वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी उत्तरेस पडते.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, घराला खरा त्रास दुपारी दोन ते सहाच्या उन्हाचा असतो आणि ते पश्चिम व वायव्य या बाजूंनी येते. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि तीच उष्णता रात्री खोलीत सोडते. म्हणून मोठ्या झाडाची पहिली जागा पश्चिमेला किंवा वायव्य कोपऱ्यात. दुसरी, दक्षिणेच्या बाजूला बारमाही दाट झाड लावल्यास उन्हाळ्यात त्याचा फार उपयोग होत नाही, मात्र थंडीतील हवेहवेसे ऊन अडते. तेथे झुडपे किंवा हिवाळ्यात विरळ होणारे झाड बरे. तिसरी, भर दुपारची सावली झाडाच्या बुडाशीच पडते. अंगणात बारा वाजता सावली हवी असेल तर जेथे बसायचे त्या जागेच्या अगदी जवळ झाड हवे. चारची सावली हवी असेल तर झाड पश्चिमेस काही अंतरावर चालते.

हे अंतर मोजता येते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता सावलीची लांबी वस्तूच्या उंचीपेक्षा थोडी कमी असते, चार वाजता उंचीच्या साधारण सव्वा ते दीडपट आणि पाच वाजता दुपटीहून अधिक होते. म्हणजे पंधरा फूट उंचीचे झाड चार वाजता सुमारे वीस फुटांपर्यंत सावली टाकते. अंगणात चार फुटांची काठी रोवून ज्याला पाहायचे असेल त्याने पाहावे. हिशेब पटेल.

दुसरा धडा : माती आणि पाणी

आपल्या भागात वर्षाला साधारण १००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे झाडाला चार महिने भरपूर पाणी आणि आठ महिने स्वतःच्या मुळांचा भरवसा. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. अशा मातीत खोदलेला खड्डा पावसाळ्यात भांड्यासारखा भरून राहतो आणि रोपाची मुळे सडतात. पुष्कळ रोपे उन्हाने मेली असे आपण समजतो, प्रत्यक्षात ती आधीच्या ऑगस्टमध्ये पाण्याने मेलेली असतात.

यासाठी एक सोपी परीक्षा आहे. फूटभर खोल खड्डा करून त्यात संध्याकाळी पाणी भरावे. सकाळी पाणी जिरलेले असेल तर उत्तम. तसेच राहिले असेल तर खड्ड्याच्या मातीत मुरूम व शेणखत मिसळावे आणि रोप जमिनीच्या पातळीपेक्षा थोडे उंचवट्यावर लावावे. नवीन लेआउटमध्ये आणखी एक अडचण असते. अंगणाच्या वरच्या थरात माती नसून बांधकामाचा मलबा असतो. विटांचे तुकडे, सिमेंट आणि चुन्याचे ढेकूळ काढून टाकल्याशिवाय तेथे रोप लावणे व्यर्थ होय.

तिसरा धडा : जागा

रोप हातभर असते, तेव्हा ते वीस वर्षांनी केवढे होईल हे डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून अंतर फुटपट्टीने ठरवावे, अंदाजाने नव्हे. कडुनिंबासारखे मोठे झाड भिंतीपासून निदान पंधरा ते वीस फूट, करंजासारखे मध्यम झाड बारा ते पंधरा फूट, बहावा किंवा आपटा यांसारखे लहान झाड आठ ते दहा फूट आणि झुडपे तीन ते चार फूट दूर असावीत. पाण्याची टाकी, शौचकूप आणि सांडपाण्याचे पाइप यांपासून मोठे झाड दूरच ठेवावे, कारण ओलावा जेथे असतो तेथे मुळे जातात. वर विजेच्या तारा असतील तर त्याखाली उंच झाड लावूच नये. मंडळाची माणसे येऊन ते अर्धे कापतात आणि मग ते सावलीचेही राहत नाही, शोभेचेही नाही.

मोठ्या व मध्यम अंगणासाठी झाडे

उन्हाळ्याच्या अंगणातील झाडाची खरी परीक्षा एकच आहे. एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या अंगावर पाने असतात काय? या एका प्रश्नाने निवड पुष्कळशी सोपी होते.

*कडुनिंब* : फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गळतात आणि उन्हाचा कडाका सुरू होण्यापूर्वी नवी पालवी आलेली असते. मुळे खोल जातात, पाणी कमी लागते. जागा असेल तर पहिली निवड हीच. निंबोळ्यांचा सडा व पानगळीच्या दिवसांत गच्चीची नाली तुंबणे एवढाच त्याचा त्रास.

*करंज* : काळ्या मातीत चांगला येतो, दाट व पसरट सावली देतो. त्याची पानगळ थोड्या दिवसांची असते आणि लगेच पोपटी पालवी येते. छाटणी सहन करतो. मध्यम अंगणासाठी माझ्या मते हे सर्वांत उपयुक्त झाड होय.

*बकुळ* : बारमाही हिरवे, गर्द, सुवासिक. वाढ फार सावकाश होते, पहिली दोन-तीन वर्षे जपावे लागते. ज्यांना घाई नाही त्यांनी अवश्य लावावे.

*आंबा व जांभूळ* : दोन्ही सदाहरित, सावली उत्तम. मात्र जांभळाच्या फळांचे डाग फरशीवरून निघत नाहीत, आणि रस्त्यालगत आंबा लावला तर कैऱ्यांसाठी दगड येणार हे गृहीत धरावे. हे दोन्ही बाजूच्या किंवा मागच्या अंगणात बरे.

*बहावा* : एप्रिल-मे-जूनमध्ये पिवळ्या झुंबरांनी भरतो. लहान अंगणात मावतो, पाणी कमी लागते. परंतु ऐन फुलोऱ्याच्या वेळी पाने विरळ असतात, म्हणून तो शोभेसाठी लावावा, सावलीसाठी दुसरे झाड असावे.

*आपटा व कांचन* : लहान चणीची, काटक झाडे. ज्यांच्यासमोर दहा-बारा फुटांपेक्षा अधिक जागा नाही त्यांनी यांचा विचार करावा.

झुडपे

झुडपांचे काम वेगळे असते. ती जमीन व भिंतीचा खालचा भाग झाकतात, रस्त्यावरची धूळ अडवितात आणि तापलेल्या फरशीची धग घरापर्यंत येऊ देत नाहीत.

भर उन्हात टिकणाऱ्या झुडपांत *मेंदी* आणि *अडुळसा* यांना मी प्रथम स्थान देईन. मेंदीचे कुंपण छाटले तर दाट होते. अडुळशाला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून फाटकाजवळ तो निर्धास्त वाढतो. *निर्गुडी* तितकीच काटक आहे. फुलांसाठी *मोगरा*, *जास्वंद*, *तगर*, *शंकासूर* आणि *बोगनवेल* ही सर्व ऊन मागणारी आहेत. मोगऱ्याला सावलीत ठेवले तर पाने येतात, फुले येत नाहीत. बोगनवेलीला पाणी जास्त दिले तर तिचेही तसेच होते. जास्वंदीला मात्र उन्हाळ्यात नियमित पाणी हवे.

घरोपयोगी म्हणून *कढीपत्ता*, *कागदी लिंबू* आणि *डाळिंब* लावावे. लिंबाच्या बुडाशी पाणी साचू देऊ नये. *सीताफळ* फार काटक आहे, परंतु उन्हाळ्यात त्याची पाने गळतात. *शेवगा* लवकर वाढतो व शेंगा देतो, पण त्याच्या फांद्या चटकन मोडतात. म्हणून तो दारावर किंवा वाहन उभे करण्याच्या जागी लावू नये.

एक सावधगिरीची सूचना. *कण्हेर* आणि *बिट्टी* ही दोन्ही उन्हात उत्तम फुलतात, पण त्यांचे सर्व भाग विषारी आहेत. ज्या घरात लहान मुले हाताला लागेल ते तोंडात घालण्याच्या वयाची आहेत, तेथे ती लावू नयेत.

काय लावू नये

गुलमोहराविषयी सांगितलेच आहे. मोकळ्या मैदानात तो सुंदर दिसतो, घराला चिकटून तो धोक्याचा. *सुबाभूळ* बियांनी इतकी पसरते की पुढे ती उपटणे हेच काम होऊन बसते. *घाणेरी* रंगीत फुलांमुळे लावली जाते. ती जनावरांना अपायकारक असून रानेच्या राने व्यापणारी आहे. *कोनोकार्पस* हे परदेशी झाड झटपट हिरवी भिंत देते म्हणून अनेक ठिकाणी लावले गेले. गुजरात राज्याने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. *सातवीण* हिरवीगार व डौलदार, परंतु पावसाळ्यानंतर फुलते तेव्हा तिचा उग्र वास खिडकीजवळ अनेकांना सोसत नाही. आणि उंच सरळ वाढणारा अशोक म्हणजे सीताअशोक नव्हे. खऱ्या सीताअशोकाला ओलावा व थोडी सावली हवी असते, तापत्या अंगणात तो करपतो.

पिंपळाचा प्रश्न

आपल्या वाचकांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पिंपळाविषयीच्या आदरापोटी अनेक जण घराच्या अंगणात, क्वचित भिंतीलगत, पिंपळ लावतात. पिंपळ हा फार मोठा वृक्ष आहे. त्याची मुळे पाया, टाकी व भिंत यांच्यात शिरतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी भिंतीच्या फटीत रुजते, एवढी त्याची चिकाटी. पुढे घर वाचविण्यासाठी त्याच्यावर कुऱ्हाड चालविण्याची वेळ येते. ज्याचा आदर करायचा त्यालाच तोडायचे, ही परिस्थिती आपणच निर्माण करतो.

बोधगया येथील जुना वृक्ष १८७६ मध्ये वादळात पडला आणि १८८१ मध्ये कनिंगहॅम यांनी तेथे नवीन रोप लावले. अनुराधापूरच्या वृक्षाची परंपरा इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापर्यंत जाते आणि तो आजही जपला जातो. त्याला भोवती मोकळी जागा, फांद्यांना टेकू आणि पिढ्यान्पिढ्या लक्ष देणारी माणसे लाभली. पिंपळाला तेच लागते. म्हणून तो मैदानात, तळ्याकाठी, विहाराच्या विस्तीर्ण आवारात, इमारतीपासून तीस-चाळीस फूट दूर लावावा. तेवढी जागा नसेल तर घरी लावूच नये. पिंपळ रात्रंदिवस प्राणवायू देतो, असेही सर्रास सांगितले जाते. विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तक उघडावे. वनस्पती प्राणवायू सोडतात तो प्रकाशात अन्न तयार करताना. रात्री इतर झाडांप्रमाणे पिंपळही श्वसनच करतो. झाडाचे मोठेपण सांगण्यासाठी चुकीच्या गोष्टीचा आधार घेण्याची गरज नाही.

लागवड व पहिले तीन उन्हाळे

खड्डा मे महिन्यात करावा. झाडासाठी तीन फूट लांब, रुंद व खोल, झुडपासाठी दीड ते दोन फूट. पंधरा-वीस दिवस त्याला ऊन लागू द्यावे. नंतर माती व चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावा. पहिल्या सरीला घाई करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाली, म्हणजे जूनअखेर ते जुलैमध्ये रोप लावावे. लावताना प्लॅस्टिकची पिशवी फाडून पूर्ण काढावी. पिशवीसकट लावलेली रोपे मी स्वतः उपटून पाहिली आहेत. मुळे आतल्या आतच गोल फिरून राहिलेली होती. रोपाला काठीचा आधार द्यावा आणि बकऱ्यांपासून संरक्षण म्हणून जाळी किंवा काटेरी कुंपण करावे.

खरी कसोटी पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांची. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर द्यावे. थोड्या पाण्याने मुळे वरच राहतात, भरपूर पाण्याने ती खाली उतरतात. आळे खोडाला लागून न करता थोडे दूर, गोलाकार करावे. त्यात तीन-चार इंच पालापाचोळा पसरावा, पण तो खोडाला टेकू देऊ नये. पाचोळ्याने ओल टिकते आणि माती तापत नाही. पाण्याची टंचाई असेल तर बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात घातलेले मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे व भरून झाकावे. पाणी झिरपत राहते. झाडाचा पाचोळा जाळणे ही आपली जुनी सवय; ती सोडून तोच पाचोळा झाडाला परत द्यावा.

आपल्या अंगणाविषयी

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेसमोर साधारण चाळीस बाय तीस फुटांचे मोकळे अंगण आहे. पावसाळ्यात तेथे चिखल होतो म्हणून संपूर्ण अंगणात गट्टू बसवावेत, असा विचार कार्यकारिणीसमोर आहे. चिखलाची अडचण खरी आहे आणि त्यामागील हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. तरी नम्रपणे सुचवावेसे वाटते. अभ्यासिकेत उन्हाळ्यात मुले-मुली परीक्षांची तयारी करतात. वीज गेली की पंखा बंद होतो आणि ती बाहेर येतात. बाहेर तापलेले गट्टू असतील तर ती जाणार कोठे? ज्यांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली आहे ती मुले आपल्या अभ्यासिकेत येत नाहीत. जी येतात त्यांना दुसरी जागा नाही.

यास्तव गट्टू केवळ फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर आणि सायकली-दुचाक्या ठेवण्याच्या जागेवर बसवावेत. उरलेल्या जागेत पश्चिमेच्या कडेला दोन करंज, वायव्य कोपऱ्यात एक कडुनिंब, फाटकाजवळ एक बहावा, दक्षिणेच्या बाजूस दोन आपटे आणि कुंपणाला मेंदी लावावी. चिखलासाठी झाडांभोवती मुरूम पसरावा. पाण्याचा हिशेब मी मांडला आहे. सहा झाडे, प्रत्येकी पंधरा लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे एकशेऐंशी लिटर. दोनशे लिटरचा एक ड्रमही पूर्ण लागत नाही. बारा विद्यार्थ्यांनी दोघांमागे एक झाड वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एक पाळी येते.

स्वाध्याय

१. चार फुटांची काठी उन्हात रोवून दुपारी तीन, चार व पाच वाजता सावली मोजा व वहीत नोंदवा.
२. आपल्या घराच्या कोणत्या भिंतीला दुपारी सर्वांत जास्त ऊन लागते ते पाहून अंगणाचा लहान नकाशा काढा.
३. आपल्या वस्तीतील दहा झाडे निवडा आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांपैकी किती झाडांवर पाने आहेत ते लिहा.
४. भिंतीपासून सहा फुटांच्या आत लावलेले मोठे झाड शोधा व त्या भिंतीचे निरीक्षण करा.

माझ्या घरी २०१७ च्या जुलैत वायव्य कोपऱ्यात, भिंतीपासून चौदा फुटांवर, करंज लावला. खड्डा मी केला, पाणी बाबांनी दिले. पहिले दोन उन्हाळे ते मडके भरण्याचे काम कोणाला करू देत नसत. २०१९ च्या मे महिन्यात त्या झाडाखाली जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी सावली पडली आणि बाबांनी खुर्ची तेथे नेली. २०२० च्या उन्हाळ्यात बाज मावली. २०२१ च्या हिवाळ्यात ते गेले. त्या सावलीत त्यांना दोनच उन्हाळे मिळाले. मी २००८ मध्येच योग्य झाड लावले असते तर दहा-अकरा मिळाले असते. हा हिशेब बँकेच्या कोणत्याही खातेवहीत बसत नाही, पण तो मी रोज संध्याकाळी करतो.

आज त्या करंजाची सावली फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जाते. दुपारी भाजीची गाडी तेथे थांबते, टपाल घेऊन येणारा तेथे क्षणभर टेकतो. झाड लावताना तो आपल्या घराचा विचार असतो, मोठे झाल्यावर ते वस्तीचे होते. सभासद बंधू-भगिनींना आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे, की येत्या मे महिन्यात खड्डा करा आणि जुलैमध्ये योग्य जागी योग्य झाड लावा. ज्यांच्या घरात वृद्ध माणसे आहेत, त्यांनी तर पुढच्या वर्षावर ढकलू नये.